गुडघे पोटाशी घ्या, आबा

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो. माळ्यावर रिकामे डबे साठतात ना, तसे ते साठतात. कामाला येत नाहीत आणि टाकवतही नाहीत. मग कधीतरी चार जणी चहाला बसतात, कुणीतरी विचारतं, "तुमच्या त्या खोलीत नक्की काय चालायचं गं?" आणि एकेक डबा खाली येतो.

तर ती खोली. जळगावातला एक खाजगी दवाखाना, नाव नको. काळ नव्वदच्या अलीकडचा-पलीकडचा. पहिल्या मजल्यावर जिन्यालगत आमची खोली, आणि तिथे मोठ्या आतड्याची दुर्बीण व्हायची. म्हणजे मागच्या वाटेने एक लांब, लवचीक नळी आत घालायची आणि आतडं आतून बघायचं. त्या काळी समोर टीव्हीबिव्ही काही नाही. डॉक्टर एक डोळा मिटून, दुसरा नळीला लावून बघणार. बाकीच्यांनी डॉक्टरांच्या तोंडाकडे बघायचं आणि अंदाज बांधायचा.

खोलीत आम्ही तिघं. साहेब, म्हणजे डॉक्टर. पुण्याला शिकून आलेले, बोलणं कमी आणि घाम जास्त. सलीमभाई, नळी धुवायची, पुसायची, सांभाळायची, हे त्यांचं काम. त्याआधी आठ वर्षं ते ट्रकवर क्लीनर होते. आणि तिसरी मी, सिस्टर. साहेब नळी घालणार, सलीमभाई नळी धरणार, आणि उरलेला अख्खा पेशंट माझ्याकडे!

काम ऐकायला सोपं. पेशंटला डाव्या कुशीवर झोपवायचं, गुडघे पोटाशी घ्यायला लावायचे. नळी वळणावर अडली की त्याला उताणं करायचं. तरी नाही गेली तर उजव्या कुशीवर. आणि वरून पोट दाबून धरायचं, म्हणजे आत नळीचं वेटोळं होत नाही. माणूस नीट वळवला तर तो गप्पा मारत तपासून घेतो. नीट नाही वळवला तर खालच्या मजल्यावरचे पेशंट घरी निघून जातात.

दिवसाला पाच-सहा माणसं वळवायची. त्यात आपल्याकडची माणसं, भाकरी खाल्लेली! संध्याकाळी घरी आले की तव्यावर मिठाची पुरचुंडी गरम करायची आणि कंबर शेकत बसायचं, हा माझा रोजचा कार्यक्रम. जळगाव झालं, धुळं झालं, अख्खा खानदेश मी कुशीवर वळवला म्हणा ना. वळला नाही तो एकच माणूस, आणि तो माझ्याच घरात बसलेला.

आमचे सासरे. आबा.

आबा धुळ्याकडचे. सासूबाई गेल्यावर जळगावातच, मेहरूणला, आमच्याकडे राहायला आले. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि तोवर आबा माझ्याशी थेट एक शब्द बोललेले नव्हते. मी त्यांच्याशी नाही. भांडण नाही, राग नाही, त्यांच्याकडे रीतच तशी. काही सांगायचं तर मधे माणूस लागायचा. ताटावर बसून आमच्या ह्यांना अहिराणीत म्हणायचे, "तिले सांग, भाजीमां मीठ कमी शे." आणि ती "ती" वाढायला शेजारीच उभी! घरात कुणी नसलं तर आबा रेडिओला सांगायचे. "चहा भेटी का आज?" रेडिओवर बाजारभाव चालू असायचे, चहा मी आणून ठेवायचे.

त्या वर्षी आबांच्या धोतरावर मला रक्त दिसलं. कपडे मी धुवायचे ना. एकदा दिसलं, दोनदा दिसलं, मग दिसतच राहिलं. या वयात असं रक्त म्हणजे काय काय असू शकतं, ते रोज बघत होते मी. दुर्बीण करायलाच हवी होती. ह्यांच्याकरवी सांगितलं, तर आबा म्हणाले, "मूळव्याध शे. व्हई जाई बरं." फार मागे लागल्यावर खरं कारण बाहेर आलं. "ज्या खोलीमां सून उभी शे, तठे मी धोतर सोडाव नही!"

संपला विषय.

हे एवढं डोक्यात ठेवा. पुढचे किस्से हसण्याचेच आहेत. पण पहिला जुना किस्सा सोडला, तर ते घडत होते तेव्हा रोज सकाळी मी ते धोतर धुऊन कामाला जात होते.

* * *

हे वळवणं आम्हाला शिकवलं कुणी? पुस्तकाने नाही. धुळ्याच्या एका हलवायाने!

सुरुवातीला आम्ही कुणालाच वळवत नव्हतो. साहेबांना शिकवलेलं, पेशंट डाव्या कुशीवर. मग तो रडो, ओरडो, डावी म्हणजे डावी. महिन्यातून एकदा आम्ही जीप करून धुळ्याला जायचो. नळीची पेटी माझ्या मांडीवर, कारण रस्त्यावर आणि ड्रायव्हरवर साहेबांचा विश्वास नव्हता.

तिथे हा हलवाई. पोट केवढं, तर टेबलाच्या कडेबाहेर. नळी पहिल्याच वळणाला अडली. साहेब घामाघूम, हलवाई कण्हतोय, आणि तेवढ्यात लाइट गेले! साहेब ओरडले, "कुणी हलू नका!"

आम्ही नाही हललो. साहेब नळी धरून पुतळा, मी जागच्या जागी. खिडकीला जाड पडदा, हाताला हात दिसेना. पाच-दहा मिनिटं गेली. मधेच टेबल करकरलं आणि कुणीतरी मोठ्याने "हाऽऽश्श" केलं.

लाइट आले. बघतो तर हलवाई उताणा! साहेबांनी घाईने डोळा लावला. ज्या वळणापाशी अर्धा तास डोकं फोडत होतो, ते वळण मोकळं. नळी सरसर पुढे.

साहेब म्हणाले, "तुम्हाला हलू नका म्हटलं होतं ना?"

हलवाई म्हणाला, "साहेब, नळी तुमनी शे, पण पोट मनं शे ना! चाळीस वरीसपासून वळखस मी याले."

येताना जीपमध्ये साहेब एरंडोलपर्यंत घाम पुसत होते. मग म्हणाले, "सिस्टर, उद्यापासून आपण पेशंट वळवून बघू." वळवून बघू म्हणजे कुणी, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

* * *

नशिराबादचे एक नाना. पहिल्या भेटीत सलीमभाईंनी त्यांना नीट समजावलं, "घाबरू नका, फक्त डाव्या कुशीवर झोपायचं." तपासणी आठ दिवसांनी.

आठव्या दिवशी नाना आले ते मान वाकडी, डावा हात लोंबतोय, पाय ओढत. मी घाबरले, म्हटलं यांना झटका आला! "नाना, काय झालं हो?"

"तुमनंच सांगेल ना, डाव्या कुशीवर निजनं. आठ दिन व्हयनात, कूस बदली नही!"

घरच्यांनीही साथ दिलेली. नाना झोपेत वळले की मुलगा उठून त्यांना परत डावीकडे ढकलायचा. पाळ्या लावल्या होत्या म्हणे. इतका आज्ञाधारक पेशंट मी उभ्या नोकरीत पाहिला नाही.

टेबलावर नाना झकास झोपले, सराव झालेला! नळी अर्ध्यावर गेली आणि साहेब म्हणाले, "नाना, आता जरा उजव्या कुशीवर वळा."

नानांनी मान वर केली. "उजव्या? मंग आजून आठ दिन द्या. त्या कुशीनी मनी तयारी नही!"

* * *

डाव्या कुशीवर माणूस झोपला की समोर भिंत. भिंतीचा रंग उडालेला, त्यात लोकांना काय काय दिसायचं. एकाला तर त्या पोपड्यात त्याची वाटणीची जमीन दिसली आणि तो तपासणीभर भावाला शिव्या देत होता. म्हणून सलीमभाईंनी तिथे सप्तशृंगी देवीचं कॅलेंडर लावलं.

पहूरच्या एक अक्का आल्या. सत्तरीच्या, काटक. देवी समोर दिसली, त्यांनी हात जोडले आणि एकदम शांत. नळी कधी गेली त्यांना पत्ता नाही. मला वाटलं, वा! आज कंबर वाचली.

"अक्का, आता उजव्या कुशीवर व्हा बरं."

अक्कांनी डोळे वटारले. "देवीकडं पाठ करू? आन पाठीमागं तुमचं हे असलं चाललेलं असताना? मेले तरी नाही!"

साहेब म्हणाले, "अहो अक्का, नळी अडलीय." अक्का म्हणाल्या, "अडू दे."

सलीमभाईंनी नळी माझ्या हातात दिली. हातमोजे काढले, बेसिनपाशी जाऊन साबणाने हात धुतले, कोरड्या फडक्याने पुसले आणि कॅलेंडर खिळ्यावरून अलगद उतरवलं. टेबलाला वळसा घालून पलीकडे जाऊन उभे राहिले, दोन्ही हातांत देवी धरून. अक्का लगेच उजवीकडे वळल्या. मग साहेब म्हणाले, "आता उताणं." सलीमभाई स्टुलावर चढले आणि देवी अक्कांच्या तोंडावर छत्रीसारखी धरली.

साहेबांचा एक डोळा नळीला, दुसरा मिटलेला. त्यांना यातलं काहीच माहीत नाही. वैतागून म्हणाले, "सलीम, नळी ढिली का पडली? कुठे आहेस तू?"

स्टुलावरून आवाज आला, "साहब, अभी माताजी को पकड़ा है!"

दुसऱ्या दिवशी आम्ही उरलेल्या तिन्ही भिंतींना खिळे मारले.

हा किस्सा मी घरी जेवताना सांगितला. सांगितला ह्यांना, पण आवाज पलीकडच्या खोलीत जाईल एवढा ठेवून. मला दुसरा मार्गच नव्हता ना! पलीकडे आबा हसले. मी ऐकलं, नक्की हसले. मग खाकरले आणि रेडिओ मोठा केला.

* * *

आमचं टेबल असं होतं की पेशंटचे पाय दक्षिणेला यायचे. प्लग तिकडे होता, त्याला आम्ही काय करणार? बरेच जण गुपचूप झोपायचे. पण एक भाऊ आले, त्यांनी दारातच दिशा ओळखली.

"जिवंत माणसाले दक्षिणले पाय करीसन निजाडतस का? माले काय बांधीसन नेवानं शे?"

ते झोपेनात. बायको रडायला लागली. शेवटी सलीमभाई आणि मी मिळून ते लोखंडी टेबल उलटं फिरवलं. माझ्या कंबरेतून त्या दिवशी जो आवाज आला, तो मला अजून आठवतो. वायर पुरेना, ती जोडून घेतली. भाऊ समाधानाने झोपले, मी अंगावर चादर टाकली, ती त्यांनी लाजेने तोंडावर ओढून घेतली.

आता साहेब. पाच वर्षं रोज त्याच बाजूला जायची सवय. हात धुऊन आले, नळी घेतली, सवयीने खिडकीकडच्या टोकाला गेले, एक डोळा मिटला आणि चादर वर केली.

चादरीखालून भाऊ म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आठे तोंड शे मनं!"

* * *

हायवेवरचा एक ट्रक ड्रायव्हर. त्याला झोपेचं इंजेक्शन जरा जास्तच लागलं. आम्ही "वळा, वळा" म्हणतोय आणि हा ढिम्म. अंगाने असा की मी एकटीने ढकलायचा प्रश्नच नव्हता.

सलीमभाई म्हणाले, "सिस्टर, तुम्ही हटा." त्यांनी टेबलाच्या पत्र्यावर हाताने थाप मारली आणि गळा काढला, "हां, येऊ द्या... येऊ द्या... उजवीकडं काटा... आजून थोडं... बस!"

ड्रायव्हर डोळे मिटून, त्या आवाजाबरोबर, तसूतसूने वळला! "बस" म्हटल्यावर थांबला. साहेब म्हणाले, "अरे, थोडा मागे हवा होता." सलीमभाई म्हणाले, "रिव्हर्स... येऊ द्या..." तो मागेही आला. तपासणी दहा मिनिटांत उरकली, मला बोटही लावावं लागलं नाही. इतका आराम मला त्या नोकरीत परत मिळाला नाही.

चूक शेवटी झाली. काम झाल्याच्या आनंदात सलीमभाईंनी सवयीने टेबलावर दोन थापा मारल्या. ट्रकला दोन थापा म्हणजे निघा!

ड्रायव्हर उठला, टेबलावरून उतरला आणि निघाला. हिरवी चादर गुंडाळून थेट जिन्यापर्यंत. त्याची पॅंट आमच्या खुंटीवर!

* * *

तपासणीत आत हवा भरावी लागते, आणि ती हवा बाहेर सोडली नाही तर पोट दुखतं. लोक लाजतात. एक बाई होत्या, पोट टम्म फुगलं, डोळ्यांत पाणी, पण सोडायला तयार नाहीत. पालथं झोपवलं, कुशीवर घेतलं, पोट चोळलं, काही उपयोग नाही.

मी वाकून कानात विचारलं, "अहो, लाजता काय? इथे कोण आहे ऐकायला?"

बाईंनी डोळ्यांनी दाराकडे खूण केली. "बाहेर व्याही बसलेत."

मुलीचे सासरे! आणि दार प्लायवुडचं. मी बाहेर गेले आणि व्याह्यांना म्हटलं, "भाऊ, कोपऱ्यावर चहा छान मिळतो, घेऊन या." ते म्हणाले, "मी चहा घेत नाही." म्हटलं, "मग उसाचा रस प्या. पण जा!" गेले बिचारे. मी आत येऊन सांगितलं, "गेले हो." त्यानंतर पाच मिनिटांत बाई इतक्या खुश झाल्या की जाताना माझ्या गालाला हात लावून गेल्या.

टेबलाचा, ट्रकचा, तसा हाही किस्सा मी घरी मोठ्याने सांगितला. या वेळी पलीकडून हसू आलं नाही. रेडिओही बंद होता. आबा नुसते बसून होते. मुलीच्या सासऱ्याची लाज आणि सुनेची लाज, त्यात फरक तो काय? मी कुणाला सांगतेय आणि काय सांगतेय, असं मला झालं.

* * *

श्रावणात आबांना पानटपरीवर घेरी आली. चार लोकांनी उचलून घरी आणलं. आमचे हे आयुष्यात पहिल्यांदा वडिलांवर ओरडले. आबा कबूल झाले, पण अट घातली: सून त्या दिवशी दवाखान्यात नको.

मी रजा टाकली. माझ्या जागी खालच्या वॉर्डातली एक नवी मुलगी दिली. तिला दोन दिवस शिकवलं मी, पण हे काय शिकवून येतं? त्या सकाळी मी दाराशी बसून मेथीची एक जुडी दीड तास निवडली.

काय झालं ते सलीमभाईंनी नंतर सांगितलं. डाव्या कुशीपर्यंत ठीक होतं. पहिल्या वळणाला नळी अडली. म्हाताऱ्या माणसाच्या पोटावर हात ठेवायला ती पोरगी घाबरली. साहेब म्हणाले, "वळव." तिने खांदा ओढला. खांदा आला, कंबर तिथेच! आबा मधे पिळले गेले आणि असे ओरडले की साहेबांनी नळी काढूनच घेतली. आबा टेबलावरून उतरले, धोतर नेसले आणि रिक्षाने घरी आले.

घरी आल्यावर रेडिओसमोर बसले. तो लावलाही नव्हता. त्याला म्हणाले, "मरसू, पन तठे परत जावाव नही."

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. खोटं कशाला सांगू, तोंडात पदर कोंबून रडले. साऱ्या जगाच्या पोटावर हात ठेवला आणि घरचं माणूस ओरडत होतं तेव्हा मी मेथी निवडत होते.

* * *

आता शेवटचा. याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही, म्हणून नुसता सांगते.

पुढच्या रविवारी सलीमभाई घरी आले. आबांचं आणि त्यांचं चांगलं जमायचं. एकाने बैल हाकलेले, एकाने ट्रक. सलीमभाई चहा पिता पिता सहज म्हणाले, "आबा, आमच्याकडे नवी सिस्टर आलीय, केरळची. काय हात आहे तिचा! पेशंटला कळतच नाही कधी वळवला. फक्त बोलायची पंचाईत. मराठीचं अक्षर येत नाही, हिंदी पण नाही. कोण आबा, कुणाचे आबा, तिला काय समजतंय?"

आबा म्हणाले, "आनि आमना घरनी?"

"त्या येत्या बुधवारी धुळ्याला. कॅम्प आहे ना."

केरळची सिस्टर तेव्हा आत उभी राहून दुसरा चहा गाळत होती.

आबांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "टेबलवर पाय दक्षिणले नही ना येतस?"

"नाही आबा. ते टेबल तर आम्ही..."

"फिराई टाकं. माहीत शे माले," आबा म्हणाले. "बुधवारी येस मी."

बुधवारी सकाळी मी धुळ्याची पिशवी मुद्दाम आबांच्या समोरून नेली. तशीच दवाखान्यात गेले. बांगड्या काढल्या, मंगळसूत्र रुमालात बांधून कपाटात ठेवलं. पायघोळ गाऊन, टोपीत सगळे केस, मास्क डोळ्यांपर्यंत. आरशात बघितलं तर मीच मला ओळखलं नाही. साहेबांना सलीमभाईंनी सगळं सांगून ठेवलं होतं. साहेब एवढंच म्हणाले, "तोंड उघडू नका म्हणजे झालं."

आबांनी इंजेक्शन घेतलं नाही. "माले जागं ऱ्हावानं शे." डाव्या कुशीवर झोपले. "गुडघे पोटाशी घ्या, आबा," हे मी हजारोंना म्हटलेलं वाक्य त्या दिवशी सलीमभाई म्हणाले. आबांनी घेतले. समोर देवी.

मी त्यांच्या पोटावर हात ठेवला. अकरा वर्षांत नमस्काराला वाकले तेव्हाचे पाय सोडले, तर या माणसाला माझा हात कधी लागला नव्हता.  

नळी तिथेच अडली, त्याच वळणाला. आबांचं अंग आखडलं. साहेबांनी भुवई उचलली. मी एक हात खांद्याखाली घातला, एक कंबरेखाली. आधी गुडघे, मग कंबर, खांदा सगळ्यात शेवटी. त्या पोरीला हेच सांगायचं राहिलं होतं. सलीमभाईंनी टेबलावर हलकेच थाप दिली, "येऊ द्या आबा, येऊ द्या... बस."

आबा उताणे झाले. तोंडातून हूं नाही की चूं नाही. वळण पार झालं. पुढच्या वळणाला उजवी कूस, मग परत उताणं, मी पोट दाबून धरलेलं. एवढ्या वेळात आबांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. नवखी बाई म्हणून बघत नसतील, असं मी समजले.

मग साहेब म्हणाले, "सापडलं."

आतड्याच्या भिंतीला देठावर लोंबणारा मांसाचा एक मोड होता, बोराएवढा. तारेच्या फासाने साहेबांनी तो तिथेच काढला. तपासायला पुण्याला पाठवला आणि पंधरा दिवसांनी रिपोर्ट आला, साधा निघाला. हे आधीच सांगून टाकते, कारण किस्सा रिपोर्टचा नाही.

तो मोड निघेपर्यंत आबांना परत उजव्या कुशीवर घेऊन अजिबात हलू न देता धरायचं होतं. मी टेबलावर ओणवी, त्यांचा सगळा भार माझ्या दोन्ही हातांवर. कंबरेत अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. ओठ चावून उभी राहिले. कळ आली की केरळच्या बाया काय म्हणतात, ते मला कुठे माहीत होतं!

झालं एकदाचं. सलीमभाईंनी आबांना बसवलं, पाणी दिलं. मी त्यांच्याकडे पाठ करून ट्रे पुसायला लागले. पुसलेलाच ट्रे परत पुसत होते. मागे आबा सावकाश धोतर नेसले. टोपी घातली, काठी घेतली. काठीचा आवाज दारापर्यंत गेला आणि थांबला.

"सलीम."

"जी, आबा?"

"त्या केरळनी बाईले सांग, आज घर गयी का पहिले कंबर शेकी ले. धोतर मनं मी धोई लेसू."